पुजलेलं लोखंड

नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही मला. पण इथे नाही घेतलं तर कोणाबद्दल बोलतेय ते कळायचं कसं? तर महिपत. महिपत शिगवण. मूळ गाव खेडकडचं, जन्म कळव्याचा, आणि डोकं म्हणाल तर अस्सल काळा दगड. हे मी त्यांच्या तोंडावर पण बोलते, लग्न झाल्यापासून बोलत आलेय. ते ऐकून घेतात, हसतात आणि करायचं तेच करतात. पालथ्या घड्यावर पाणी.

बसच्या वर्कशॉपला होते, माजिवड्याच्या पुढे. रिटायर झाल्यावर माणसं गावाला घर बांधतात, तीर्थयात्रा करतात, निदान दुपारी झोपतात तरी. आमचे हे सकाळी अंधारात उठून व्यायामशाळेत. आमच्या गल्लीच्या तोंडालाच आहे ती. पूर्वी पत्र्याची होती, आता वर स्लॅब टाकलाय. आत मारुतीची तसबीर, लोखंड आणि घामाचा वास. तिथे हे पोरांची बॅच घ्यायचे. शाळेतली पोरं, कबड्डीवाली, धावणारी, खो-खोवाली. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे ती सगळी पोरं आमच्याच घरातून पाणी पिऊन जायची, चणे खाऊन जायची आणि माझा उंबरा चिखलाने भरून जायची. मी बोंबलायचे. पण भिजवायचे ना चणे रोज, न चुकता.

यांची कंबर गेलेली आहे. आत्ता नाही, लहानपणीच. मोजे अजून मीच घालून देते. यांच्या वेळचे वस्ताद म्हणजे देवमाणूस, पण अडाणी. आमच्या व्यायामशाळेत एक प्रथा आहे. खंडेनवमीला सगळं लोखंड धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून मारुतीसमोर मांडतात. एकदा पूजेला बसलं की त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याला संध्याकाळी आरती झाली की मग सीमोल्लंघन. म्हणजे प्रत्येकाने गल्लीसमोर उभं राहून आजवर उचललं नाही तेवढं वजन उचलायचं. आणि त्या दिवशीचं लोखंड देवाचं, ते आपटायचं नाही. आपटलं तर वर्षभराचा अपशकुन. यांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा वस्तादांनी उभं केलं. यांनी उचललं, हळू खाली ठेवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दसऱ्याला धरलेली कंबर आजतागायत सुटली नाही. त्याआधी कबड्डीत यांचं नाव होतं म्हणतात. मी बघितलं नाही. मला मिळाला तो वाकून चालणारा माणूस.

रिटायर झाल्यावर ठाण्याला एक शिबिर होतं, डॉक्टर लोकांनी कोच लोकांसाठी घेतलेलं. हे जाऊन बसले आणि परत आले ते दुसराच माणूस होऊन. जेवताना बडबड सुरू.

"रंभा, लोक म्हणतात ना वजन उचललं की पोरांची उंची खुंटते? खोटं आहे गं ते. चुकीचं उचललं, झेपेल त्याच्या वर उचललं, बघायला जाणतं माणूस नसलं, तर पोर मोडतं. नीट शिकवलं तर उलट मजबूत होतं. खेळताना पडलं तरी सावरतं."

"बरं. आमटी घ्या."

"आधी हालचाल नीट यायला हवी, वजन मागाहून. आणि थोडंथोडं. एका दिवसाआड. आणि किती उचलतोस हे बघायचंच नाही लहान पोरांचं, कसं उचलतोस ते बघायचं." मग हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "माझ्या वेळेला हे सांगणारं कोणी असतं तर?"

मी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या हातातलं लोखंड काढून घेतलं यांनी. बांबूच्या काठ्या दिल्या. काठी खांद्यावर घेऊन बस, ऊठ. काठी जमिनीवरून उचल, पाठ सरळ. गुडघे आत येतायत, परत. श्वास कुठे गेला, परत. महिने गेले तरी काठीच. मग रिकामी सळी. मग दोन्हीकडे एकेक बारकी चकती, ती पण पोरगं हसत हसत उचलत असेल तरच. चेहरा वाकडा झाला की चकती काढली. गल्लीत नाव पडलं, काठीमास्तर. एक बाप तर दारात येऊन विचारतो, "सर, आमच्या पोराला गुराखी करायचाय का?" अर्धी पोरं रस्त्यावरच्या आरशांच्या जिममध्ये पळाली. तिथे पहिल्याच दिवशी ढिगाने वजन देतात आणि फोटो काढतात. यांना वाईट वाटायचं. मला राग यायचा. जाऊ दे मेले, म्हणायचे मी, ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण राहिली त्यात समीक्षा राहिली.

जगन वायरमनची पोरगी. मागच्या चाळीत राहतात. आली तेव्हा नुसती काडी, पण धावायची अशी की बघत राहावं. फक्त धावताना गुडघे एकमेकांना लागायचे आणि दर दोन महिन्यांनी कुठेतरी लचकायचं. यांनी तिला काठीपासून उभी केली. ती कधी कंटाळली नाही. एक सांगितलं की तेच, तेवढंच. इतर पोरं सरांची पाठ फिरली की चकत्या वाढवायची, ही नाही. वर्षभरात तिचं लचकणं थांबलं. जिल्ह्यात शंभर मीटरला पहिली आली, तेव्हा पळत आमच्याकडे आली, घरी नाही. यांच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडली, आणि म्हणाली, "काकी, चणे?" असं गोड पोर.

आणि जगन काही राक्षस नाही, हेही सांगते. पोरीच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधायचा तो. ठाण्याच्या स्टेडियमला ती धावत असली की कामाला खाड्यावर खाडे करून कठड्याला उभा. तिच्यापलीकडे त्याला दुनिया नव्हती.

गेल्या पावसाळ्यात ती उंच झाली. अशी सरसर वाढली की तिच्या आईने शाळेच्या ड्रेसची शिवण दोनदा उसवली. आणि तिची कंबर दुखायला लागली. यांचा नियम होता, दुखलं की सांगायचं, लपवायचं नाही. तिने सांगितलं. यांनी लगेच वजन काढून घेतलं.

"हाडं पुढे पळालीत बाळा, बाकीचं अंग मागे राहिलंय. ते येईपर्यंत हलकंच करायचं. घाई नाही. आणि कंबर एकदा डॉक्टरला दाखवून या."

"हो सर," ती म्हणाली. झालं. तिच्याकडून प्रश्न नव्हताच. प्रश्न बाकीच्या दुनियेचा होता.

दिपेश म्हणून एक आहे आमच्याकडे. तिशीचा असेल. व्यायामशाळेचा नवा अध्यक्ष. बॅनरवर हात जोडून उभा असतो, निवडणुकीला उभं राहायचंय त्याला. मनाने वाईट नाही, पण उथळ पाण्याला खळखळाट फार. नव्या चकत्या आणल्या, खाली मॅट घातली, आणि जाहीर केलं की दसऱ्याचं सीमोल्लंघन यंदा पोरांचंही होणार. यांनी दोन वर्षं भांडून पोरांपुरतं ते बंद केलेलं. पोरं दंड-बैठका दाखवायची, बस. हे मीटिंगला गेले.

"दिपेश, मोठ्यांनी काय करायचं ते करा. पोरांना जास्तीत जास्त उचलायला लावू नका. त्यात दोन दिवस लोखंडाला हात नाही, अंग थंड, आणि एकदम जड. मोडेल कोणीतरी."

"काका, परंपरा आहे आपली. तुम्ही पण केलंय ना?"

"म्हणूनच सांगतोय."

तिथे सगळे हसले म्हणे. हसले! दिपेशने यांच्या खांद्यावर हात ठेवला. "टेन्शन नको काका. ज्यांना झेपेल तेच करतील. नाहीतर सकाळची बॅच मोठ्यांना देऊन टाकू, तुम्हालाही आराम." दमच होता तो, साखरेत घोळवलेला. हे घरी आले आणि चपला काढायचं विसरून तसेच आत येऊन बसले.

मग काय केलं माहितीय? एकेका पोराच्या घरी गेले. वाकलेल्या कंबरेने जिने चढले. दसऱ्याला माझं पोर उचलणार नाही, असा प्रत्येक आई-बापाकडून शब्द घेतला. जगनने तर यांचे पाय धरले. "सर, तुम्ही सांगाल तसं. ती तुमचीच आहे." मी यांना म्हटलं, झालं ना आता? शांत झोपा.

कुठलं शांत. नवरात्र सुरू झालं आणि दिपेशने घोषणा केली, जो मुलगा किंवा मुलगी दसऱ्याला सगळ्यात भारी करून दाखवेल त्याला आपण दत्तक घेणार. ठाण्याच्या मोठ्या अकॅडमीत प्रवेश, बूट, खाणंपिणं, सगळं. ते ऐकल्यापासून जगन आमच्या खिडकीखालून जाताना मान खाली घालून जायला लागला. मला तेव्हाच वास आलेला. यांना म्हटलं, हा पलटणार. हे म्हणाले, "शब्द दिलाय त्याने." असला भोळा सांब!

दसऱ्याची संध्याकाळ. माझा घाणा चालू होता पुऱ्यांचा. हे सोनं वाटून येऊन खुर्चीत बसलेले. गल्लीत स्टेज, स्पीकर, आरती झालेली. आणि स्पीकरवर आवाज आला, "आता येतेय आपल्या कळव्याची वाघीण, कुमारी समीक्षा! वजन, सत्तर किलो!"

यांनी तिला त्याच्या निम्म्याच्या वर कधी जाऊ दिलं नव्हतं.

हे उठले ते बनियनवरच. चप्पल नाही, काही नाही. वाकलेला माणूस पळतो कसा ते मी पहिल्यांदा बघितलं. मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी मागे धावले.

स्टेजच्या बाजूला समीक्षा उभी होती, नवा ड्रेस, कपाळाला मळवट. चेहरा पांढरा. तिची आई तिचा हात धरून. मी विचारलं, पोर अशी का दिसतेय? आई म्हणते, "नऊ दिवसांचे उपास धरलेत तिने काकी. नवस आहे. परवा आम्ही टेंभी नाक्याच्या देवीला चालत गेलेलो, अनवाणी." म्हणजे बघा. नऊ दिवस पोटात साबुदाणा आणि पाणी, तळपायाला फोड, कंबर आधीच दुखरी, आणि दोन दिवस लोखंडाला हात नाही.

हे जगनला बोलत होते. मोठ्याने नाही, हळूच, हात जोडून. "जगन, नको रे. आज नको. उपाशी आहे ती. तिची कंबर दुखतेय, तिने स्वतः सांगितलंय मला."

जगनच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. "सर, एकदाच. आयुष्य बदलेल पोरीचं. मी वायरी ओढत मरेन, तिने काय करायचं? एकदाच उचलू दे. देवी आहे पाठीशी."

"आणि नाही झेपलं तर?"

"तर तुम्ही उभे राहा ना बाजूला. तुम्ही सांगाल तसं करेल ती."

वर स्पीकर परत बोंबलत होता. लोक टाळ्या वाजवून बोलावत होते. दिपेश हात पुढे करून उभा. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून, ओढा तिला आणि चला घरी. पण हे माझं ऐकतील ते कसले? त्यांनी हिशोब केला असणार की उचलणार तर आहेच, मग निदान जाणतं माणूस शेजारी असू दे. ते समीक्षाजवळ गेले आणि म्हणाले ते मी स्वतः ऐकलं.

"बाळा, मी इथेच आहे. पाठ गोल व्हायला लागली की मी 'सोड' म्हणेन. मी सोड म्हटलं की सोडायचं. लाज वाटून घ्यायची नाही. सोडायला शिकवलंय ना तुला?"

"हो सर."

मला जरा धीर आला. ती यांचं ऐकायची, यांच्याशिवाय कोणाचं ऐकायची नाही. हे सोड म्हणतील, ती सोडेल, लोक हसतील, संपलं. हसू देत मेल्यांना.

लोखंड मधोमध होतं. सळीला तेलाची चकाकी, चकत्यांवर हळदकुंकवाची बोटं, झेंडूची एक माळ अजून टोकाला गुंडाळलेली. समीक्षाने आधी नमस्कार केला, मग वाकली. हे तिच्या अगदी शेजारी. सळी जमिनीवरून सुटली. लोक ओरडले. गुडघ्यापर्यंत आली आणि तिथे अडकली.

मला काय कळतं त्यातलं? पण इतकी वर्षं खिडकीतून बघून एवढं कळतं की पाठ सरळ हवी. तिची पाठ मांजरासारखी वर आली. पाय थरथरायला लागले. तिने मान वळवून यांच्याकडे बघितलं. मी खालून ओरडले, "सोड!" पण ढोल वाजत होते, ऐकतंय कोण? आणि मी सोड म्हणून काय उपयोग? यांनी म्हणायला हवं होतं.

यांचे ओठ हलले. हे म्हणाले, "ऊठ."

हो. ऊठ म्हणाले. माझ्या कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकलं मी. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं, त्यात पुढे ते स्पष्टच आलं.

आणि ती उठली. सरांनी सांगितलं म्हणून. कशी उठली देव जाणे. सत्तर किलो घेऊन उभी राहिली, गल्ली वेडी झाली, कोणी झेंडू उधळला, जगन लहान पोरासारखा उड्या मारत होता. मग तिने ते खाली ठेवलं. आपटलं नाही. पुजलेलं होतं ना. एवढी मोडलेली पोर, पण आवाज न करता, इंच इंच करत, टेकवलं तिने. आणि तशीच वाकून राहिली.

लोकांना वाटलं नमस्कार करतेय. टाळ्या अजून वाढल्या. दिपेश माइकवर म्हणाला, "बघा संस्कार!" आणि माझी पोर तिथे दुमडून उभी, तिला सरळ होता येत नव्हतं, तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता. हे ओळखून होते. यांनी तिला कवेत धरलं. यांच्या बनियनवर कुंकू लागलं, तेल लागलं. मग लोकांना कळलं. मग ढोल थांबले.

त्या रात्री हॉस्पिटलमधून आल्यावर मी यांना विचारलं. विचारणारच. "सोड म्हणणार होतात ना? काय झालं? तोंड बंद झालं काय तुमचं?"

बनियनवरचं कुंकू नखाने खरवडत बसले. मग म्हणाले, "तोंडावर आलं होतं गं. तेवढ्यात ती माळ दिसली. हळदकुंकू दिसलं. आणि आतून कोणीतरी बोललं, पुजलेलं आहे, आपटायचं नाही. मी नाही बोललो रंभा. वस्ताद बोलले."

कप्पाळ माझं! शिबिरं केली, काठ्या केल्या, गल्लीशी भांडले, आणि ऐन वेळेला मेलेला वस्ताद तोंडात येऊन बसला. मला इतका संताप आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण कोणावर काढू? समोर बसलेला माणूस तर आधीच खलास झालेला.

मणक्याला चीर गेलेली आणि मणका थोडा सरकलेला. चीर आधीपासून बारीक असणार, डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी ती पुरती फाकली. पट्टा लागला. शाळा बंद, धावणं बंद, बसणंसुद्धा मोजून मापून.

आणि व्हिडिओ? अख्ख्या ठाण्यात फिरला. त्यात जगन नाही, दिपेश नाही, नवस नाही, उपास नाही. त्यात एक म्हातारा आहे, पोरीच्या शेजारी उभा, ऊठ म्हणतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते आमच्या दारात घडलं. दिपेशने दुसऱ्याच दिवशी व्यायामशाळेवर बोर्ड लावला, अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. बैल गेला नि झोपा केला. गल्लीतल्या बायका मला ऐकवून बोलायच्या, लहान पोरांनी वजन उचलूच नये बाई, उंची खुंटते, मणके मोडतात. मी भांडले एकदोघींशी. हे म्हणाले, "नको भांडूस. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय." एवढी वर्षं जे खोटं आहे म्हणून सांगत फिरले, ते यांच्याच नावावर खरं ठरलं.

जगन एकदा आला. मला वाटलं आता शिव्या घालतो. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो दारातच उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही होतात ना बाजूला? म्हणूनच मी..." आणि तसाच जिना उतरून गेला.

मी चणे भिजवायचे थांबवले. कोणासाठी भिजवायचे?

संक्रांत झाली. त्यानंतर एका सकाळी समीक्षा आणि तिची आई आल्या. जगन खाली रस्त्यावर थांबलेला, मी खिडकीतून बघितलं. पोर पट्टा न लावता आलेली. मी तिला खुर्ची दिली, तिळाचा लाडू दिला. तिच्या आईने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हाड धरलंय, आता ताकद भरायला हवी, हळूहळू, नीट. नाही भरली तर कंबर अशीच राहील, जन्मभर. डोंबिवलीला एक व्यायाम करून घेणाऱ्या बाई आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी हिला बसवलं, उठवलं आणि विचारलं, तुला हे बसणं-उठणं कोणी शिकवलं? फार छान शिकवलंय. आठवड्यातून एकदा मी बघेन, पण रोज समोर उभं राहून करून घ्यायला त्याच माणसाला सांगा.

मला रडूच आलं. वाटलं, देवा, उघडलंस दार. यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

"सर, कराल ना?" आई म्हणाली. "आमचं चुकलं. हिच्या पप्पांचं पण चुकलं, ते वर यायला लाजतायत. पण तुमच्याशिवाय कोण आहे?"

मग समीक्षाच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, एवढासुद्धा नाही. उलट समजूत घालावी तशी बोलली.

"सर, घरीच करू. व्यायामशाळेत नको. मी सगळं ऐकेन. मी तेव्हा पण ऐकलं ना? तुम्ही सोड म्हणाला असतात तर मी सोडलं असतं. ऊठ म्हणालात तर उठले. मी तुमचंच ऐकते सर."

पोरीने भरवसा म्हणून सांगितलं हो. तिला वाटलं, हे ऐकून सर खूश होतील. मी यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं, आता संपलं.

"नाही बाळा," हे म्हणाले.

"सर?"

"मी नाही करणार. दुसरं कोणी बघा. तू माझं ऐकतेस, म्हणूनच नाही. माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही राहिला."

"अहो, बोलताय काय!" मी ओरडले. "डॉक्टर सांगतायत, त्या बाई सांगतायत, पोर दारात येऊन उभी आहे! दुसरं आहे कोण इथे? ते आरशांच्या जिमवाले?" तिची आई हात जोडत होती. मी काय काय बोलले, आठवत नाही. लाज काढली यांची. डोकं फोडून घेतलं तरी दगडाला पाझर फुटायचा नाही. यांनी समीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला, उठले आणि आतल्या खोलीत गेले.

ती उठली. खुर्चीचे हात धरून, पाठ सरळ ठेवून, यांनी शिकवल्याबरहुकूम उठली. लाडू तसाच राहिलेला. मी तिच्यासोबत जिन्यापर्यंत गेले. ती कठडा धरून उतरायला लागली, एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय, आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या उतरतात तशी. मी वरून बघत राहिले. मधेच थांबून तिने वर बघितलं आणि विचारलं, "काकी, सर माझ्यावर रागावलेत का?"